वंशावळीचा माग सातबाऱ्यापासून: मराठवाड्यातल्या कुटुंबांसाठी ऑनलाइन नोंदींचा वापर

आडनाव टाकलं आणि सात पिढ्या पडद्यावर आल्या, असं संकेतस्थळ मराठवाड्यासाठी नाही. परदेशातली मंडळी चर्चच्या वह्या आणि जनगणनेचे तक्ते नावावरून धुंडाळतात. आपल्याकडे तो रस्ता दोन पावलांतच बंद होतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. महसुलाचं वरचं दप्तर उर्दूत, गावपातळीवरचं बरंचसं मोडीत, सन फसली (निजामाच्या महसुलाचा वेगळा सन) आणि माणसाची ओळख ‘तुकाराम वल्द गणू’, म्हणजे गणूचा मुलगा तुकाराम, एवढीच. आडनाव नाहीच. म्हणून इथे शोध नावावरून करायचा नसतो, जमिनीच्या नंबरावरून करायचा असतो. माणसं बदलतात, आडनावं बदलतात, गावाचा जिल्हाही बदलतो. नंबर मात्र बदलला तरी कशाचा कशात गेला याचा कागद मागे राहतो. तो कागद कुठे पाहायचा आणि कसा वाचायचा, एवढंच या लेखात आहे.

बसण्याआधी जवळ काय असावं

घरातल्या ज्येष्ठांकडून चार गोष्टी लिहून घ्या: मूळ गाव (आत्ताचं नव्हे, जिथे भाऊबंदकी आहे ते), त्या गावातली शेती कोणत्या नावाने ओळखली जाते, पणजोबांचं नाव आणि त्यांच्या सगळ्या भावांची नावं, आणि कुटुंबात कुणी दत्तक गेलं-आलं का. भावांची नावं बहुतेक जण विचारत नाहीत. पुढे दोन ‘गणू’ समोर आले की तीच नावं सोडवतात. पेटीत जुनी पावतीपुस्तकं, खरेदीखत, शाळेचा दाखला, सोसायटीच्या कर्जाचं पासबुक असेल तर मोबाइलवर सरळ वरून, सावली न पडू देता फोटो काढा. कागदाची मागची बाजूही घ्या. शिक्के आणि तारखा बऱ्याचदा मागेच असतात.

गाव तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होतं?

हे आधी निश्चित केलं नाही तर पुढचा सगळा शोध चुकीच्या कपाटात होतो. हैदराबाद राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ मध्ये औरंगाबादपासून, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीपासून वेगळा झाला. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. उस्मानाबाद जिल्हा त्याआधी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई.

खरी अडचण सीमेवरच्या तालुक्यांची. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमध्ये होतं. उलट मुधोळ नांदेडमधून आदिलाबादकडे गेलं. म्हणजे उदगीरकडच्या कुटुंबाचा १९४० चा कागद ‘जिल्हा बीदर’ असं सांगेल आणि शोधणारा म्हणेल, हे आपलं नाही. आपलंच असतं.

इंग्रजीतल्या जुन्या नोंदींत स्पेलिंगही वेगळं. बीडचं ‘बीर’, नांदेडचं ‘नांदेर’, अंबाजोगाईचं ‘मोमिनाबाद’, माजलगावचं ‘मांजलेगाव’, वसमतचं ‘बसमत’, वैजापूरचं ‘बैजापूर’. गावाच्या नावाची निदान चार इंग्रजी रूपं करून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी चारही टाकून पाहा.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: गाव खालसा (थेट सरकारचं) होतं, जहागिरीचं होतं, पायगाहचं (निजामाच्या बड्या सरदार घराण्यांचं) होतं की सर्फ-ए-खासचं, म्हणजे निजामाच्या खासगीतलं? जहागिरीच्या गावांचं दप्तर सरकारी दप्तरात उशिरा आलं. तिथे जुनी पानं कमी सापडतात, ती तुमच्या शोधातली त्रुटी नव्हे.

पहिली पायरी: आजचा सातबारा

महाभूलेखच्या संकेतस्थळावर विभाग ‘छत्रपती संभाजीनगर’, मग जिल्हा, तालुका, गाव निवडा. सातबारा, आठ-अ आणि मालमत्ता पत्रक असे पर्याय असतात. गट नंबर माहीत असेल तर उत्तम. नसेल तर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव यांवरून शोधता येतं. मोबाइल क्रमांक आणि पडद्यावरची अक्षरं भरली की उतारा दिसतो. हा विनास्वाक्षरीचा, फक्त पाहण्यापुरता. शोधासाठी तेवढा पुरतो. कुठे पुरावा म्हणून लावायचा असेल तर डिजिटल सातबाराच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा घ्या.

नाव सापडत नसेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा कारण लेखनाचं असतं. ज्ञानोबा, ग्यानोबा, ग्यानबा, विठ्ठल, विठल, इठ्ठल, मारोती, मारुती, श्रीहरी, शिरहरी. मराठवाड्यात बोलतात तसं तलाठ्याने लिहिलं आणि संगणकावर चढवताना तसंच चढलं. अशा वेळी फक्त आडनाव टाका आणि येणारी पूर्ण यादी नजरेखालून घाला. आडनावही ‘पाटील’ किंवा ‘देशमुख’ लागलं असण्याची शक्यता धरा. एक भाऊ पाटील, दुसरा मूळ आडनावाने, असं एकाच गटात दिसतं.

आठ-अ आधी उघडलं तर जास्त सोयीचं. त्यात एका खात्यावरचे सगळे गट एकत्र दिसतात. त्यातला जो गट जास्तीत जास्त भाऊबंदांत वाटलेला आहे तो पकडा. अलीकडे खरेदी केलेल्या गटातून पूर्वज मिळत नाहीत, दुसऱ्याचेच पूर्वज मिळतात.

सातबाऱ्यावरची आखूड अक्षरं वाचता आली पाहिजेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मूल लहान असताना बाप वारला आणि आई किंवा चुलता पालक म्हणून लागला. ‘ए.कु.’ ने सुरू होणारी अक्षरं, पुढे ‘पु.’ असो की ‘मॅ.’, एकत्र कुटुंबाचा पुढारी किंवा मॅनेजर दाखवतात. तिथे नाव एकाचं असलं तरी हक्क सगळ्या भावांचा असतो. थोरल्याचंच नाव पाहून धाकट्यांना वंशावळीतून वगळू नका. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं.

फेरफार: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात आकडे असतात, आणि खाली जुन्या फेरफार क्रमांकांची ओळ असते. हे आकडे म्हणजे गाव नमुना ६ मधल्या नोंदी. प्रत्येक नोंद सांगते की हे नाव इथे कसं आलं: वारसाने, वाटणीने, खरेदीने, हक्कसोडीने की दत्तकविधानाने.

वारसाचा फेरफार म्हणजे एका पानावरची छोटी वंशावळच. ‘अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस पुढीलप्रमाणे’ आणि खाली नावं, वयं, मयताशी नातं. त्याच्यासोबत गाव नमुना ६-क ही वारस प्रकरणांची वही असते. त्यात चौकशीत निघालेली सगळी नावं असतात, नंतर हक्क सोडलेल्यांचीही. मुलींची नावं शोधायची तर ६-क पाहा. सातबाऱ्यावरून त्या हक्कसोडपत्राने गायब होतात, वहीतून होत नाहीत.

क्रम असा ठेवा. आजच्या सातबाऱ्यावरचे सगळे फेरफार क्रमांक एका वहीत उतरवा. सगळ्यात मोठ्या क्रमांकापासून लहानाकडे या. संगणकीकरणानंतरचे फेरफार ऑनलाइन दिसतात. त्याआधीचे हस्तलिखित असतात, त्यांच्या प्रतिमा असल्या तर आपले अभिलेख या संकेतस्थळावर, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात. प्रत्येक फेरफारातून चार गोष्टी टिपा: क्रमांक, नोंदीची तारीख, मंजुरीची तारीख, आणि मृत्यूची तारीख दिली असेल तर ती. या तिन्ही तारखा वेगळ्या असतात. कायद्याने वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, पण गावात माणूस वारल्यावर पंधरा-वीस वर्षांनी, कर्ज काढायची वेळ आली तेव्हा वारस लावल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख म्हणून लिहिली की पुढच्या पिढ्यांची वयं जुळेनाशी होतात.

वयांवर तर फारच कमी विसंबा. ‘अंदाजे वय ४०’ असं तीन भावांसमोर सारखंच लिहिलेलं दिसेल. तीच गत शाळेच्या दाखल्यावरच्या १ जूनची. निम्मा गाव १ जूनला जन्मलेला असतो, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच तारीख टाकलेली. वर्ष मात्र साधारण खरं धरायला हरकत नाही.

गट नंबर मागे नेऊन सर्व्हे नंबर करणं

१९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण योजना गावोगाव राबवली गेली आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. तुमच्या गावात गट असतील तर त्याआधीच्या कुठल्याही कागदात तो आकडा सापडणार नाही. शोध अडकण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. लोक १९५५ च्या कागदात गट २१४ शोधत बसतात, आणि तिथे दुसऱ्याच कुणाचा सर्व्हे २१४ सापडतो. नाव अनोळखी, म्हणून ‘आपली जमीन नंतरची’ असा निष्कर्ष. साफ चूक.

उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ‘नऊ तीन-नऊ चार’चा उतारा मागा. अर्जात हेच शब्द वापरा, कर्मचाऱ्यांना लगेच कळतं. त्यात जुना सर्व्हे नंबर, त्याचा हिस्सा आणि नवा गट समोरासमोर असतात. सोबत गावाचा आकारबंदही पाहा. जुना आणि नवा आकार, म्हणजे क्षेत्र आणि सारा, ताडून घेतला की खात्री होते. एकर-गुंठे आणि हेक्टर-आर यांचा हिशेब करताना ४० गुंठ्यांचा एकर आणि १०० आरचा हेक्टर; एक गुंठा साधारण एक आर.

आपले अभिलेख आणि १९५४-५५ चा खासरा

आपले अभिलेख या संकेतस्थळावर जुन्या कागदांच्या स्कॅन प्रतिमा आहेत. सगळ्या जिल्ह्यांचे सगळे कागद नाहीत. आधी यादीत आपला जिल्हा आणि तालुका येतो का ते बघा. नोंदणी करून आत गेल्यावर कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव, दस्तऐवजाचा प्रकार आणि सर्व्हे किंवा गट नंबर द्यायचा. निकालात वर्षवार ओळी येतात. हवी ती ओळ कार्टमध्ये टाकायची, पुनरावलोकन कार्ट उघडून पुढे जायचं, आणि स्थिती ‘उपलब्ध’ दिसली की फाइल उतरवायची. लगेच न दिसल्यास पुन्हा अर्ज टाकू नका, थोड्या वेळाने स्थिती तपासा. नंबर टाकून काहीच आलं नाही तर नंबराचा रकाना सोडून फक्त गाव आणि प्रकार देऊन बघा. जुन्या वह्या पूर्ण वही म्हणून चढवलेल्या असतात, पानापानाला नंबर लावलेला नसतो.

मराठवाड्यासाठी यातला मोलाचा कागद म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक. पुढच्या सगळ्या हक्कनोंदी त्याच्यावर उभ्या आहेत. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पट्टेदार (ज्याच्या नावावर जमीन लागलेली तो) आणि प्रत्यक्ष कब्जेदार असे रकाने त्यात असतात. पट्टेदार आणि कब्जेदार वेगळे दिसले तर थांबा: कुळ असेल, शिकमीदार (पट्टेदाराबरोबरचा हक्कदार) असेल, किंवा बाप पट्टेदार आणि मुलगा कब्जेदार असेल. १९५० चा हैदराबाद कुळकायदा लागू झाल्यानंतरचा हा काळ, म्हणून कुळ नोंदवहीशी ताळा करणं भागच आहे.

खासऱ्याच्या मागे जायचं तर शेतवार पत्रक, वसूल बाकी, पक्का बुक, क्लासर रजिस्टर, पाहणी पत्रक ही नावं अर्जात लिहा. ऑनलाइन नसल्यास तहसीलचा अभिलेख कक्ष आणि भूमि अभिलेख कार्यालय अशा दोन्ही ठिकाणी अर्ज द्यावा लागतो. एकाकडे नाही म्हणजे दुसऱ्याकडेही नाही असं नव्हे. ‘सर्व जुन्या नोंदी द्याव्यात’ असा अर्ज परत येतो. गाव, सर्व्हे नंबर, कागदाचं नाव, वर्षांची मर्यादा, एवढं नेमकं लिहिलेला अर्ज मार्गी लागतो. उत्तरच येत नसेल तर राज्याच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावरून १० रुपयांत अर्ज करता येतो, प्रतींचे पानाला २ रुपये.

फसली सन आणि उर्दू पान

निजामाच्या दप्तरातला सन फसली. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई, पहिला महिना आजूर. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला फसली सनात ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरच्या नोंदीला ५९१. ताळा असा: जहागिरी विलीन करणारा विनियम १३५८ फसलीचा, त्यात ५९१ मिळवले की १९४९, आणि तो विनियम ऑगस्ट १९४९ चाच. महिन्यांचा क्रम: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहेर, आबान. सनदा आणि मुन्तखबांवर (इनाम मंजुरीच्या दाखल्यांवर) हिजरी सनही असतो. हिजरी वर्ष चांद्र आणि लहान असल्यामुळे तिथे बेरीज चालत नाही, तक्ताच वापरा. गावकीच्या मोडी कागदांवर शके असेल तर ७८ मिळवा.

उर्दू आकडे शिकायला एक संध्याकाळ पुरते आणि त्याचा परतावा मोठा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात इंग्रजी ‘व्ही’सारखा, आठ त्याच्या उलटा. लिपी उजवीकडून डावीकडे, पण आकडा डावीकडून उजवीकडेच वाचायचा. एवढं आलं की सर्व्हे नंबर आणि सन तुम्हीच हेरू शकता आणि वाचणाऱ्याकडे दोनशे पानांऐवजी चार पानं नेता. रकमा मात्र कधीकधी आकड्यांत नसून ‘रकम’ या जुन्या हिशेबी चिन्हांत असतात, त्यांना हात लावू नका.

नावं वाचताना उर्दूची अडचण समजून घ्या. ‘ण’ आणि ‘ळ’ तिथे नाहीत. म्हणून काळे ‘काले’ होतो, माळी ‘माली’, गणपती ‘गनपती’. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. पवार आणि पोवार एकाच अक्षरांत येतात. शेवटचा ‘ये’ ई पण असतो आणि ए पण. घाईच्या शिकस्त अक्षरात ठिपके गळतात, मग ब, प, त, न यांतलं काय ते नावाच्या अंदाजानेच ठरतं. वाचणाऱ्या माणसाला उर्दू उत्तम येत असेल, पण गावातली मराठी नावं माहीत नसतील तर ‘धोंडिबा’चं काहीतरी भलतंच होतं. त्याच्याशेजारी बसा आणि घराण्यातल्या नावांची यादी समोर ठेवा. मोबाइलमधलं भाषांतराचं ॲप छापील उर्दूवर चालतं, हस्तलिखितावर ते धडधडीत खोटं सांगतं. मोडीचंही तेच.

पानावरचे चार-पाच शब्द वारंवार येतात: वल्द म्हणजे अमुकचा मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणार, पेशा म्हणजे धंदा.

कुणबी नोंदींच्या याद्या, सगळ्यांच्याच कामाच्या

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातलं जुनं दप्तर पानापानाने तपासलं गेलं. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर तालुका आणि गावनिहाय चढवल्या आहेत. जातीच्या दाखल्यासाठी त्या सगळे पाहतात. वंशावळीच्या दृष्टीने त्यांचा दुसरा उपयोग असा की कुठल्या कार्यालयात कुठल्या वर्षाची कुठली वही जिवंत आहे, हे त्यातून कळतं. महसुलाबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, उत्पादन शुल्काच्या ताडी नोंदवह्या, कारागृहातली कच्च्या कैद्यांची रजिस्टरं, पोलिसांचे अटक पंचनामे, दुय्यम निबंधकांची खरेदीखतं, १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, असं सगळं तपासलं गेलं. शेजारच्या कुटुंबाची नोंद ज्या वहीत आहे, त्याच वहीच्या पुढच्या पानावर तुमची असू शकते, जात कुठलीही असो.

या फाइली बहुतेक प्रतिमा असतात, त्यात शब्द टाकून शोध लागत नाही. गावाची पूर्ण फाइल उतरवून घ्या आणि पान-पान पाहा. आणि एक ध्यानात ठेवा: यादीत नाव नाही याचा अर्थ दप्तरात नाव नाही असा होत नाही, कारण ज्या पानांवर ‘कुणबी’ शब्द होता तीच पानं वर आली आहेत.

दाखल्यासाठी वंशावळ करत असाल तर मानीव दिनांक आधी पाहा. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१, इतर मागासवर्गासाठी १९६७. त्या तारखेच्या आधीचा कागद आणि तिथपासून तुमच्यापर्यंत न तुटणारी नात्यांची साखळी लागते. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे चौकशीसाठी गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती केली आहे.

जमीनच नसेल तर

वर सांगितलेली सगळी पद्धत जमीनदार घरांच्या बाजूने झुकलेली आहे, हे खरंच. बलुतेदार, मजूर आणि दलित कुटुंबांतल्या कित्येकांच्या नावावर कधी सर्व्हे नंबर नव्हताच. त्यांनी इनामी-वतनी जमिनीच्या नोंदी आधी पाहाव्यात. महार वतन किंवा बलुत्याचं इनाम असेल तर घराणं तिथे सापडतं. मग ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची वही, आणि स्वामित्व योजनेत गावठाण मोजलं गेलं असल्यास मालमत्ता पत्रक. शाळेचं जनरल रजिस्टर या कुटुंबांसाठी सातबाऱ्याइतकंच मोलाचं आहे. निजामकाळातल्या शाळांची रजिस्टरं उर्दूत आहेत, मुख्याध्यापकांना वर्ष सांगून लेखी अर्ज द्या.

मुसलमान कुटुंबांसाठी काझींकडच्या निकाहाच्या वह्या, आणि खिदमत-माश (धार्मिक सेवेबद्दलचं इनाम) किंवा दर्ग्याशी नातं असेल तर मुन्तखब आणि वक्फ नोंदी पाहाव्यात. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीतच आहे. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर पाहावं. जालना परिसरात ते विशेष फलदायी, कारण नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल तिथलंच.

उरलेली संकेतस्थळं, लहान-मोठी

नोंदणी व मुद्रांक विभागाची मोफत ई-सर्च सेवा मुंबईबाहेर २००२ पासूनच्या दस्तांवर चालते. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर द्यायचा. पडद्यावरची अक्षरं बरोबर भरूनही पहिल्यांदा काहीच येत नाही, दुसऱ्यांदा भरल्यावर येतं. सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे दस्ताच्या सारांशात, लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावं, वय, पत्ता असतो. पुण्या-मुंबईला गेलेली भाऊबंद मंडळी अशीच सापडतात.

न्यायालयांचे निकाल हा कुणी फारसा न वापरणारा खजिना. वाटणीच्या किंवा दत्तकाच्या दाव्यात मूळ पुरुषापासूनची वंशावळ निकालपत्रातच मांडलेली असते, दोन्ही बाजूंनी तपासलेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे निकाल आणि ई-कोर्टची सेवा, दोन्हीकडे आडनाव आणि गाव टाकून पाहा. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे द्या.

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कुणी गेल्याचं घरात सांगत असतील तर राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाचं संकेतस्थळ मोफत आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ मधले मृत्यू त्यात आहेत. हिंदी सैनिकांची कधी एकच नावाची नोंद असते, पण जादा माहितीच्या रकान्यात बापाचं नाव, गाव, जिल्हा सापडतो. नावाऐवजी त्या रकान्यात गावाचं जुनं स्पेलिंग टाकून शोधा. जिवंत परत आलेले तिथे नसतात.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ जहागीरदार, देशमुख, सरदार घराण्यांसाठी. सामान्य शेतकऱ्याचं नाव तिथे मिळणार नाही, वेळ घालवू नका. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरच्या मतदार याद्या वडील किंवा नवऱ्याच्या नावासह असतात, आणि घर क्रमांकावरून एका वाड्यातली सगळी कुटुंबं एकत्र दिसतात.

फॅमिलीसर्चवर मोफत खातं काढून भारतातल्या हिंदू तीर्थयात्रा नोंदींच्या प्रतिमा पाहता येतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या त्यात आहेत. नावाची सूची नाही, पानंच चाळावी लागतात, आणि मराठवाड्यातून हरिद्वारला जुन्या काळी जाणारे थोडेच. आपली माणसं नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, तुळजापूर, काशी, गयेला गेली. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि नामावळ्या बऱ्याचशा त्यांच्या घरीच आहेत. तिथे जाताना आडनाव नंतर सांगा, आधी गाव, जुना तालुका आणि जात सांगा. वह्या त्याच क्रमाने लावलेल्या असतात. पूर्वजाने स्वतः सांगून लिहिलेली ती नोंद असते, सोबत भाऊ, चुलते, मुलं. दक्षिणा द्या, फोटोची परवानगी विचारा, आणि वहीतलं वर्ष शके आहे की संवत ते तिथेच विचारून घ्या.

जुळवणी करताना

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत वंशावळीत सापळा लावते. गणू वल्द तुकाराम, तुकाराम वल्द गणू, पुन्हा गणू वल्द तुकाराम. मधली पिढी गिळून पहिल्या गणूचा धागा तिसऱ्याला बांधला जातो. दोन नोंदींत पन्नास वर्षांचं अंतर असेल तर तो एकच माणूस नाही असं धरून चला आणि मधला फेरफार शोधा. एक पिढी म्हणजे ढोबळ पंचवीस ते तीस वर्षं. दत्तक असेल तर बापाचं नाव आणि कधी आडनावही मध्येच बदलतं. तिथे दोन्ही बाप लिहा, जन्माचा आणि दत्तकाचा.

एखादं नातं पक्कं धरायला दोन स्वतंत्र कागद हवेत. सातबारा आणि त्याचाच फेरफार हे दोन नव्हेत, एकच आहे. फेरफार आणि शाळेचं रजिस्टर हे दोन. एकाच कागदावर टेकलेलं नातं तुटक रेषेने दाखवा.

फाइलींची नावं सुरुवातीपासून एका साच्यात ठेवा: आधी इसवी सन, मग कागदाचा प्रकार, गाव, नंबर, पान. ‘१९५५ खासरा, गाव, सर्व्हे ७३, पान १२’. मूळ प्रतिमेवर काही लिहू नका, वाचन वेगळ्या फाइलीत ठेवा आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह द्या, अंदाजाने भरू नका. झाड मांडायला ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. आपल्याच संगणकावर चालतं आणि देवनागरी नावं घेतं. फॅमिलीसर्चचं झाड जगभरचं सामायिक आहे, तिथे तुमच्या पणजोबांची नोंद दुसरा कुणीही बदलू शकतो. तिथे टाकायचं असेल तर आधी जेडकॉम फाइल (वंशवृक्ष साठवायचा सर्वमान्य साचा) काढून घरात ठेवा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आधारची प्रत आणि चालू गट नंबर असलेले उतारे कुठल्याही सार्वजनिक झाडावर चढवू नका. जमिनीचे वाद चालू असलेल्या घरात तर भाऊबंदांना विचारल्याशिवाय वारसांची यादीसुद्धा ग्रुपवर टाकू नये.